माझ्या आवाजातली हाक

बासाम, नोव्हेंबर

प्रिय नापोको,

हे पत्र वाचण्याआधी दार लोटून घे आणि खाली बस. उभ्याने वाचू नकोस, लहानपणी तुला पटकन भोवळ यायची. पत्र घेऊन येणारा ट्रकवाला भला माणूस आहे, आपल्याकडचे कांदे इकडे आणून उतरवतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही, तेव्हा त्याला काही विचारू नकोस. पाणी मात्र दे. आणि ट्रकचं मागचं चाक एकदा बघून घे म्हणावं, मला ते बसलेलं वाटलं.

जानेवारीत मला पुरलं त्या दिवशी तू फार रडलीस असं कानावर आलं. पुढे आठ दिवस तुझा आवाज उमटत नव्हता, शाळेत मुलांना नुसतं फळ्यावर लिहून शिकवत होतीस म्हणे. मी मेलेलो नाही, पोरी. बासामला समुद्राकाठी एका कोळणीच्या पडवीत बसून, मांडीवर फळी घेऊन, स्वतःच्या हाताने हे लिहितोय. मी जिवंत आहे हे निदान एका माणसाला पटावं म्हणून दहा महिने माझा जीव खालीवर होतोय. बाकी सगळ्यांना सांगून झालं. आता तूच राहिलीस.

अक्षर तुला अनोळखी वाटेल, आणि माझी पहिली काळजी तीच आहे. आजवर माझी म्हणून जी पत्रं तुला आली ती सगळी माझ्या खोलीत राहणाऱ्या तोएने लिहिलेली. मला येतं ते लाकडाच्या वखारीत फळ्यांवर माप घालण्यापुरतं. मी सांगायचो आणि तोए लिहायचा. आता खरं ते सांगून टाकतो. मी सांगायचो ते एवढंच असायचं: कणगीचं तोंड नीट लिंपा, पावसाआधी छपराचं गवत बदला, पोरीला विहिरीच्या काठाशी जाऊ देऊ नका. माझी माया काळजीतच संपते, त्यापुढे मला शब्द सुचत नाहीत. मग तोए म्हणायचा, "अरे मोशा, हे पत्र आहे का चौकीदाराची नोंदवही?" आणि आपल्या मनाने भर घालायचा. ओंडक्याच्या पोटात सापडलेल्या हिरव्या पालीची गोष्ट त्याची. "तुझं हसणं आठवलं की करवतीचा आवाजसुद्धा गोड लागतो" हे वाक्यही त्याचंच. एकदा मी गावी आलो होतो तेव्हा ते तू मला तोंडपाठ म्हणून दाखवलंस. मी नुसती मान हलवली. तुला आवडलेला बाप निम्मा तोए होता, नापोको. हे आधीच सांगायला हवं होतं.

तोएला तू पाहिलेलं नाहीस, पण सामो माणसाचं आणि आपलं नातं तुला ठाऊक आहे. तुझ्या आजीच्या मयताला ती सामो बाई आली होती, आठवतं? आजीचा कपडा गुंडाळून, आजीसारखी वाकून, आजीच्या आवाजात दारोदार तंबाखू मागत हिंडली, आणि रडता रडता सगळ्यांना हसू फुटलं. आपण मोसी, ते सामो, दोन जमातींची ही पिढ्यांची थट्टा; तोए मला मोशा म्हणायचा तो त्यावरूनच. त्यांनी आपल्याला गुलाम म्हणायचं, आपण त्यांना कुत्रेखाऊ म्हणायचं, एकमेकांच्या मयताला मेलेल्याची नक्कल करून निरोप द्यायचा, आणि कुणी राग धरायचा नाही. छत्तीस वर्षांपूर्वी आबिजानच्या वखारीत मी पहिल्या दिवशी पाऊल टाकलं, तेव्हा ओंडक्यावर बसलेला एक काटकुळा माणूस ओरडला, "बघा रे बघा, माझ्या आजोबांचा पळालेला मोसी सापडला! एका म्हाताऱ्या कुत्र्याच्या बदल्यात घेतला होता, महागच पडला!" मी म्हटलं, "तो कुत्रा शिजवून खाल्लात म्हणून तर तुमच्या घराची राखण आम्हाला करावी लागते." त्या दिवसापासून आम्ही एका खोलीत राहिलो. माझं काहीही त्याच्यापासून लपलेलं नव्हतं. मी कुठल्या कुशीवर झोपतो, माझ्या आईला काय म्हणून हाक मारायचो, सगळं त्याला ठाऊक.

समुद्रावर जायचं टुमणं इस्साकाने लावलं. शेजारच्या गावचा आपला इस्साका, आमच्याच वखारीत होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तो म्हणाला, सगळं पांढरं व्हायच्या आत एकदा समुद्र बघायचाय. बघ गंमत. परक्या देशात आम्ही उभं आयुष्य काढलं, तेही समुद्रापासून तासाभराच्या वाटेवर, पण तिघांपैकी एकानेही पाण्यात पाय बुडवला नव्हता. कामाला आलेल्या माणसाचं समुद्राशी काय काम? मी नको नको म्हणत होतो. खोलीचं कुलूप, वाटेतली गाडी, परक्या ठिकाणचं पाणी. तोए म्हणाला, "याला घरी ठेवू. हा इथे बसून आपली काळजी करील, आपण तिथे मजा करू. कामं वाटून घेतलेली बरी." मग गेलो. बासामला इस्साकाच्या भाच्याची एक खोली रिकामी होती. दोन दिवसांचाच बेत होता.

पहिला दिवस फार चांगला गेला, हे तुला मुद्दाम सांगतो. नारळीखाली बसून आत्तिएके, म्हणजे इकडचा कसाव्याचा वाफवलेला रवा, आणि तळलेला मासा खाल्ला, ताडी प्यायलो. इस्साका घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, "हे कुठवर आहे रे?" तोए म्हणाला, "मोशाच्या तक्रारींसारखं आहे. शेवट नाही." आम्ही म्हातारे इतके हसलो की शेजारी बसलेल्या बाया आमच्याकडे बघून हसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर समुद्र नव्हता. उत्तरेचा धुळीचा वारा सुटला होता. आपल्याकडे तो वाळवंटाच्या अंगाने येतो, तुला त्याचं नवल नाही. पण तो इतका खाली, समुद्रावर उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. दहा पावलांपुढे सगळं पांढुरकं. लाटांचा नुसता आवाज, लाट दिसत नाही. आणि नाकात वास मात्र आपल्या परसाचा. कोरड्या ज्वारीच्या कडब्याचा, बकऱ्यांच्या लेंड्यांचा, तुझ्या आईच्या चुलीच्या राखेचा. समुद्राकाठी उभं राहून मी माझ्या घराचा वास घेत होतो. मी म्हटलं, चला, परत जाऊ, हे काही बरं दिसत नाही.

तोएला तेवढंच निमित्त पुरलं. "वारा तुमच्या गावाहून आलाय, मोशा. तुझे पूर्वज तुला न्यायला आलेत. काढ ते जाकीट आणि टोपी, तुझ्या मयताची तालीम करून घेतो. तू खराच मरशील तेव्हा मला वखारीतून रजा मिळेल न मिळेल." मी म्हटलं, "असलं अभद्र बोलू नकोस." इस्साका म्हणाला, "दे रे दे. त्याला नाही म्हणता येतं का?" नाहीच म्हणता येत. मी तपकिरी जाकीट उतरवलं, टोपी दिली. जाकिटाच्या आतल्या खिशात माझं ओळखपत्र होतं. ते हरवेल या भीतीने मी तो खिसा वरून शिवूनच टाकला होता, म्हणून ते काढता आलं नाही. थंडी वाजू नये म्हणून त्याचा हिरवा सदरा मी अंगात घातला.

मग तोए माझा डावा पाय ओढत चालू लागला. एक हात कमरेवर, मान पुढे. खोकला माझा. आवाज माझा. "इस्साका, खोलीला कुलूप लावलंस ना? ओढून बघितलंस ना? दोनदा ओढलंस का?" इस्साका पोट धरून हसत होता. मग तो समुद्राकडे वळून रागावला, "आणि हे एवढं पाणी उघडं कुणी टाकलं? झाकण कुठाय याचं? उद्या कुणी पडलं म्हणजे?" इतकं हुबेहूब की मला माझीच लाज वाटली, आणि मी हसलो. तो तसाच बडबडत पाण्याकडे गेला आणि धुळीत दिसेनासा झाला. आवाज येत राहिला. लाटांना शिस्त लावत होता, एकेकीला रांगेत उभं करत होता.

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हाक आली, "तोए! ए तोए! अरे मला धर, पाय टेकत नाहीत!"

माझ्या आवाजात. मध्ये माझा खोकला. आणि हाक कुणाला, तर तोएला. इस्साका म्हणाला, "वा! आता मोशाला बुडवतोय!" मी तोएचा सदरा घालून बसलो होतो. मलाही चेव आला. मी तोएसारखा आवाज काढून ओरडलो, "आधी मला धनी म्हण, मग काढतो!" पुन्हा हाक आली, "धनी! धनी, काढ मला!" छत्तीस वर्षांत कुठल्या मोशाने सामोला धनी म्हटलेलं नाही. आम्ही दोघं वाळूत लोळून हसलो. त्यानंतर हाक आली नाही.

नापोको, मी दहा महिने एकाच गोष्टीचा विचार करतोय. बुडणारा माणूस आपल्या आवाजात हाक मारतो. जीव जाताना कुणी नक्कल करतं का? मग तो आवाज माझा कसा होता?

इस्साकाला मी जागेवर बसवलं. म्हटलं, तू हाका मारत राहा, म्हणजे मला परतायची दिशा कळेल. मी पाण्याच्या कडेने तोएला शोधत निघालो. इस्साकाची हाक मागून येत होती, मग डावीकडून, मग समोरून. मग आलीच नाही. किती चाललो ते आठवत नाही. जाग आली ती एबाच्या पडवीत. एबा म्हणजे जिच्याकडे मी आता राहतो ती कोळीण, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने सांगितलं, मी लाटेच्या काठावर पालथा पडलो होतो, पाय पाण्यात, तोंडात वाळू, सगळे कपडे भिजून चिंब. मी पाण्यात उतरल्याचं मला आठवत नाही. मी तिला अजून विचारतो, नीट आठव, अंगावर सदरा हिरवाच होता ना? ती म्हणते, हिरवाच होता, पुन्हा विचारू नकोस.

नऊ दिवस मी तापात होतो. तेवढ्यात सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी प्रेत काठाला लागलं. शिवलेल्या खिशात ओळखपत्र होतं, त्यावर माझं नाव. इस्साकाला बोलावलं. चेहऱ्याला त्याला हात लावू दिला नाही, समुद्रातून आलेल्या चेहऱ्याचं काय झालेलं असतं ते तुला सांगत नाही. त्याने जाकीट चाचपलं, खिशाची शिवण चाचपली आणि म्हणाला, हा आमचा नोआगा. खोटं बोलला नाही बिचारा. त्याच्या बोटांना जे कळलं ते बोलला. पेटी बंद करून तो तिला घेऊन उत्तरेच्या गाडीत बसला. तुम्हाला सांगितलं, नोआगा बुडाला आणि तोए कुठेतरी तोंड लपवून बसलाय.

ताप उतरल्यावर एबाने नाव विचारलं. मी म्हटलं, नोआगा झुंग्राना. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. ते नाव तिने आठवड्यापूर्वीच काठावर ऐकलं होतं. तेव्हापासून ती मला "पडवीतल्या" म्हणून हाक मारते. ताट उंबऱ्यावर ठेवते, हातात देत नाही. पण जेवायला घालते, होड्यांच्या फळ्या दुरुस्त करायचं काम तिनेच मिळवून दिलं. वाईट बाई नाही.

अंगात बळ आल्यावर, मार्चमध्ये, मी गावच्या ख्रिस्ती मिशनच्या फोनवर निरोप ठेवला आणि राओगोकाकाला वेळ देऊन बोलावलं. मी म्हटलं, "राओगो, मी नोआगा बोलतोय. मी जिवंत आहे." आणि तो हसला. माझा सख्खा भाऊ. "तोए! अरे कुत्रेखाऊ, कुठे दडी मारलीस तू? मयताला आला नाहीस, सामोविना मोशाला पुरावं लागलं आम्हाला! पुन्हा बोल, पुन्हा बोल! थांब, सगळ्यांना बोलावतो." लोक गोळा झाल्याचा गलका ऐकू आला. मी घसा फोडून सांगत होतो. चिंचेवरून पडलास राओगो, तुझ्या हनुवटीवर व्रण आहे, तुला खांद्यावर मी घरी आणला. कुणीतरी म्हणालं, "बघा, हेसुद्धा सांगून ठेवलं होतं याला!" मला खोकला आला तर टाळ्या पडल्या. मग मला रडू फुटलं. तेव्हा राओगो म्हणाला, "इथे चुकलास सामो, दादा कधी रडत नसे."

तू तिथे होतीस का ग? मला मागे तुझं हसणं ऐकू आल्यासारखं झालं. नसशीलही. फोनमध्ये सगळ्यांचं हसणं सारखंच येतं. मी स्वतःला हेच समजावतो.

नंतर इस्साकाला फोन केला. त्याला तर मी त्या दिवशी तिथे होतो हे ठाऊक. मी म्हटलं, आपण कपडे बदलले होते, आठव. तो म्हणाला, "तोए, पुरे आता. धुळीत हाक कुणाची आली ते माझ्या कानांनी ऐकलंय. मला डोळे नाहीत, कान आहेत. त्या हाकेला हसलो म्हणून मला झोप लागत नाही, आणि तू अजून नकला करतोस?" मी फोन ठेवला. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं.

आता जे लिहितोय ते वाचून घाबरू नकोस. मला आधीच पुरेशी भीती वाटते. आपल्या खालच्या आळीतला पुस्गा तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. त्याला पुरून तीन पावसाळे झाले होते, आणि आपल्याच गावच्या माणसाने त्याला आबिजानच्या बाजारात कांदे विकताना पाहिलं. तिथे बायको होती, लेकरू होतं. त्याने मागून नावाने हाक मारली. पुस्गाने वळून पाहिलं, ओळखलं, आणि त्या जागी नुसती टोपली राहिली. अवेळी गेलेली माणसं कधी कधी परक्या मुलखात जाऊन उरलेलं आयुष्य काढतात, गावच्या माणसाने ओळखलं की संपतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मी हे सांगितलं की तोए हसायचा, म्हणायचा, "म्हणजे आबिजानमधले सगळे मोसी मेलेलेच आहेत. तरीच कामाला इतके ढिले!" आता तो सांगायला नाही आणि मला हसू येत नाही. बाजारात आपल्या बोलीतले शब्द कानावर पडले की मी तोंड फिरवतो. मला भूक लागते, दाढ दुखते, पाऊस पडणार असला की गुडघा ठणकतो. मेलेल्याचा गुडघा ठणकतो का? पुस्गाचा ठणकत असेल का? कुणाला विचारू?

आणि दुसरंच काहीतरी होत चाललंय. हिरव्या सदऱ्याच्या खिशात तोएचं ओळखपत्र होतं, पाण्याने फोटो पुसट झालेलं. एकदा पोलिसाने नाव विचारलं, माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मी म्हटलं, लेओनार तोए. त्याने कार्ड पाहिलं, मला पाहिलं आणि परत दिलं. इतकं सहज झालं की मला घाम फुटला. एबाचे कुत्रे आधी माझ्या पायाशी झोपायचे. आता मी उठलो की उठतात आणि लांब जाऊन बसतात. फळी तासताना मी शीळ घालतो. मला शीळ येत नाही, नापोको. आयुष्यात कधी आली नाही. ती तोएची आहे. परवा एबाची शेजारीण रडत होती, तिला मी काहीतरी बोललो आणि ती खुदकन हसली. काय बोललो ते मला आठवेना. मी माणसांना हसवणारा नव्हतो कधी.

म्हणून मी दहा महिने एकच वस्तू शोधत होतो. तोएला न सांगितलेली एकतरी गोष्ट. छत्तीस वर्षं एका खोलीत काढली की असं काही उरत नाही. तुझ्या आईचं, माझ्या बापाचं, सगळं सांगून झालेलं. शेवटी एक सापडली, आणि ती सापडल्यावर कळलं की इतके दिवस ती का सापडत नव्हती.

मी पहिल्यांदा आबिजानला निघालो तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. तोएला मी सांगितलं की पोर झोपली होती, उठवलं नाही. तुझ्या आईलाही तेच सांगितलं. तू झोपली नव्हतीस. दुपारची वेळ होती, आई शेतावर होती, आणि तू मला कणगीपाशी गाठोडं बांधताना पाहिलंस. काही विचारलं नाहीस. आत गेलीस आणि पाहुणा आला की देतात तसं पिठाचं पाणी घेऊन आलीस, दोन्ही हातांनी भोपळ्याचं भांडं धरून, आलं जास्त घातलेलं, कारण ते मला आवडायचं. मी म्हटलं, "धरून उभी राहा, छपराचं गवत बघून येतो." आणि कणगीच्या मागून कुंपण ओलांडून निघून आलो. ते पाणी मी प्यायलो असतो तर माझा पाय निघाला नसता. तू किती वेळ उभी होतीस ते मला माहीत नाही. पुढे तू कधी बोलली नाहीस, मी कधी विचारलं नाही. हे फक्त आपल्या दोघांना ठाऊक आहे. तोए हे लिहू शकला नसता. त्याने लिहिलं असतं तर मी वळून आलो असतो, भांडं रिकामं केलं असतं आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवून गेलो असतो. तो माझ्यापेक्षा चांगला बाप लिहायचा.

आता पत्र कशासाठी ते. मागच्या महिन्यात राओगोने मिशनमधून, मी फोन केला होता त्याच नंबरावर, निरोप धाडला. पीक घरात आलं आहे, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझं उत्तरकार्य ठरलंय. निरोप तोएच्या नावाने आहे: "मयताला आला नाहीस ते माफ. उत्तरकार्याला तरी ये. दादाचे कपडे जपून ठेवलेत, ते घाल आणि त्याची नक्कल कर, फोनवर केलीस तशी. तुझ्यासारखी कुणाला जमणार नाही." मी येतोय, नापोको. तोएच्या ओळखपत्रावर तीन चौक्या ओलांडून येईन. माझे कपडे घालीन, माझा पाय ओढत माझ्या अंगणात फिरेन, कणगीचं तोंड का उघडं टाकलं म्हणून सगळ्यांवर ओरडेन, आणि सगळे हसतील. त्यांना हसू दे. मला एक काम तिथे करायचंच आहे: त्या मातीखाली एक सामो निजलाय, आणि अजून एकाही मोशाने त्याला कुत्रेखाऊ म्हणून निरोप दिलेला नाही. तेवढं करीन. मग तुझ्यासमोर येऊन उभा राहीन आणि तुझ्याकडे बघेन. तू हसू नकोस. दुसरं काही करायला नको, धावत यायला नको, नाव घ्यायला नको. ओळखल्यावर मी तिथल्या तिथे नाहीसा झालो तर निदान काय खरं ते दोघांना कळेल, त्याला माझी तयारी आहे. फक्त हसू नकोस. तू हसलीस तर मी भांडणार नाही, तुला दोषही देणार नाही. सगळ्यांबरोबर जेवेन, टोपी डोक्यावर ठेवीन आणि तसाच तुगानची गाडी धरीन. तिथे तोएची बायको आहे. बावीस वर्षांत तिने त्याला पाहिलेलं नाही, आणि सगळे तिला सांगतात की तो जिवंत आहे. तिला कुणीतरी परत यायला हवंय, आणि मला आता त्याची शीळ येते.

तू ठरवशील तोपर्यंत तुझाच,
बाबा